अर्थिंगच्या एका पट्टीसाठी सात महिने

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी सोसायटीला अर्ज दिला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात काम झालं. प्रत्यक्ष काम दीड दिवसाचं. मधले सात महिने एकाच प्रश्नात गेले: माझ्या अँप्लिफायरचं अर्थिंग इमारतीच्या अर्थिंगला जोडायचं की नाही. अजूनही आठवलं की डोकं तापतं. वरच्या मजल्यावर राहून हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओ स्टेशनचा, लिनियर अँप्लिफायर (लहरींची ताकद वाढवणारं यंत्र) बसवायचा कुणाच्या मनात असेल तर त्यांचे तरी महिने वाचावेत म्हणून लिहिते आहे.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, चोवीस सभासद, आमचं घर चौथ्या मजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री हे कुर्ल्याला अडकले होते. फोन लागत नव्हता, कुणाकडून निरोप नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलात भिजून घरी आले तोपर्यंत मी काय काय मनात आणलं ते मलाच ठाऊक. मोबाइल बंद पडला तरी बोलता यावं हे तेव्हा डोक्यात बसलं आणि त्यातून हॅमची परीक्षा दिली. आधी रिस्ट्रिक्टेड परवाना, म्हणजे ५० वॅटपर्यंत. मग मोर्सचं कट्ट-कडकट्ट शिकून जनरल, म्हणजे ४०० वॅटपर्यंत. अँप्लिफायर आणायचा तर आधी आपल्या परवान्यावरची मर्यादा वाचा आणि स्टेशनचा पत्ता बरोबर आहे ना ते बघा. माझं ते काम विनाअडथळा झालं, त्यामुळे त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

अँप्लिफायर जुना, व्हॉल्व्हचा, पुण्याच्या एका ज्येष्ठ हॅमकडून घेतला. नुसता ट्रान्सफॉर्मरच इतका जड की दोन माणसांनी जिने चढवून आणला. आत अडीच हजार व्होल्टच्या आसपास डीसी. तो प्लगमध्ये खुपसून चालू करायची वस्तू नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. डीबीपासून (घरातल्या मेन स्विचच्या खोक्यापासून) खोलीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, २० अँपिअरचा एमसीबी (करंट जादा झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचं सॉकेट. ४०० वॅट बाहेर काढायला विजेच्या बाजूने साधारण त्याच्या दुप्पट ओढ लागते, म्हणजे चारेक अँपिअर. वायर त्या मानाने जाड आहे, आणि तशीच असावी.

सॉकेट बसवताना वायरमनने मीटर लावला तेव्हा कळलं की आमच्या घरातल्या तिसऱ्या पिनेला काहीच येत नाही. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या जवळपास व्होल्ट दिसायला हवेत. काटा मध्येच कुठेतरी लटकत होता. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन, सगळं इतकी वर्षं त्यावरच चाललेलं. अँप्लिफायर घेणार असाल नसाल, ही तपासणी उद्याच करून घ्या.

अर्ज अगदी साधा होता. आवारात कुंपणालगत तीन मीटर लांबीचा, तांब्याचा थर दिलेला रॉड ठोकायचा. तिथून हिरवी-पिवळी तांब्याची वायर पाइपांच्या बाजूने आमच्या खिडकीपर्यंत वर आणायची. आणि त्याच रॉडपासून एक तांब्याची पट्टी मीटर रूममधल्या अर्थिंगच्या पट्टीला जोडायची. सगळा खर्च माझा.

डिसेंबरच्या सभेत अर्ज घेतलाच नाही. जानेवारीत सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, हे टेक्निकल आहे, साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." परवाना माझ्या नावावर, अर्जावर सही माझी, घर दोघांच्या नावावर. यांनी तिथेच सांगितलं की मला यातलं काही कळत नाही, तुम्ही हिच्याशीच बोला. तरी पुढचा महिना त्यातच गेला. फेब्रुवारीत लेखी उत्तर आलं: रॉड ठोकायला हरकत नाही, पण मीटर रूमला हात लावायचा नाही. तुमचं अर्थिंग वेगळं ठेवा, सोसायटीचं वेगळं.

वरवर बघता ही सवलत वाटते. बऱ्याच जणांनी मला सांगितलं, घे मिळतंय ते आणि हो मोकळी. सोसायटीचा नेहमीचा वायरमनही म्हणाला, "ताई, सेपरेट अर्थ एकदम चांगला, कॉम्प्युटर रूमला आम्ही असाच करायचो." पण मला हेच नको होतं, आणि का नको होतं ते समजावण्यात माझे पुढचे तीन महिने गेले.

कागदावर आकडे मांडून कमिटीला दाखवले ते असे. समजा अँप्लिफायरच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली. माझं अर्थिंग वेगळं आहे आणि त्याचा रोध, म्हणजे वीज जमिनीत उतरताना होणारा अडथळा, १० ओहम आहे. २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर. २० अँपिअरचा एमसीबी एवढ्याला चटकन पडत नाही. तो पडेपर्यंत पत्रा जिवंत राहणार आणि त्याला माझा हात लागलेला असणार. आरसीसीबी आहे म्हणून वाचेन, पण एकाच यंत्रावर जीव टांगून ठेवायचा का? दोन अर्थिंगं जोडली की रोध उतरतो, करंट वाढतो आणि एमसीबी लवकर पडतो.

दुसरा मुद्दा विजेच्या कडकडाटाचा. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात जवळपास कुठे वीज पडली, तर विजेचा मोठा लोंढा अँटेनाकडून माझ्या रॉडमध्ये उतरेल आणि क्षणभर त्या रॉडचं व्होल्टेज प्रचंड चढेल. इमारतीचं अर्थिंग मात्र जागच्या जागी. एक टोक इकडे, दुसरं टोक तिकडे आणि मध्ये माझा रेडिओ, कदाचित मीसुद्धा. दोन्ही एकमेकांना जाड तांब्याने जोडलेली असतील तर दोन्ही एकदम वर चढतात, एकदम खाली येतात, त्यांच्यात फरक पडत नाही. एकाच घरात येणारी सगळी अर्थिंगं एकमेकांना बांधलेली असायला हवीत. मला कमिटीच्या गळी उतरवायचं होतं ते एवढंच.

उत्तर मिळालं, "म्हणजे तुमच्या मशीनचा करंट आमच्या घरात येणार."

मी परत समजावलं. मार्चमध्ये तिसऱ्यांदा समजावलं. तेव्हा सांगण्यात आलं की हा धोरणात्मक विषय आहे, वार्षिक सभेत ठेवू. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि आमच्याकडे ती शेवटच्या रविवारी होते. म्हणजे आणखी सहा महिने, मधला पूर्ण पावसाळा धरून. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग तळमजल्यावरच्या निवृत्त काकांनी सांगितलं की एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. चोवीसांत पाच सह्या. मी सात घेतल्या. मागणीपत्र दिलं तेव्हा दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. नोव्हेंबरच्या अर्जाची घेतली नव्हती आणि त्यामुळेच डिसेंबरमध्ये "अर्ज आलाच नाही" असं ऐकावं लागलं होतं. ही चूक तुम्ही करू नका.

सभेआधीच्या रविवारी सकाळी सातला एका हॅम मित्राकडून अर्थ टेस्टर आणला आणि इमारतीच्या अर्थिंगच्या जुन्या खड्ड्याचा रोध मोजला. परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदार सोबत होता. पद्धत अशी: खड्ड्यापासून सरळ रेषेत लांब एक खुंटी, आणि त्या अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर दुसरी. सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक, खुंटी ठोकणार कुठे? कुंपणालगत जास्वंदीचा लांबच लांब वाफा आहे, त्यात ठोकल्या. रीडिंग आलं ६४ ओहम. हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. खड्ड्याचं झाकण काढलं तर आतली जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी गंजून पापडासारखी झालेली, कंत्राटदाराने धरताच तुकडा हातात आला. इमारत बांधली तेव्हाचा कोळसा-मिठाचा खड्डा, त्याला कधी पाणी घातलेलं नाही, आणि मिठाने लोखंड खाऊन टाकलेलं. चोवीस घरांचं अर्थिंग एवढंच होतं. माझा करंट आपल्या घरात येईल म्हणून चार महिने भांडणाऱ्या माणसांच्या गीझरला अर्थिंगच नव्हतं.

मोजणी कोरड्या दिवसांतच करा, एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यात माती भिजलेली असते, आकडा छान येतो आणि आपण फसतो. हेच मोजमाप जुलैत झालं असतं तर सगळं ठीक आहे असं वाटून गेलं असतं.

सभेला चौदा जण आले. तो गंजलेला तुकडा मी वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवला. नऊ विरुद्ध चार मतांनी ठराव झाला, एक जण तटस्थ. पण ठरावात एक ओळ घातली गेली: जुन्या खड्ड्याच्या दुरुस्तीसह सर्व खर्च अर्जदार सभासदाने करावा. म्हणजे चोवीस घरांचं अर्थिंग मी माझ्या पैशाने करून दिलं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण पाऊस आठवड्यावर आला होता. सही केली.

काम मात्र सुंदर झालं. रॉड भिंतीपासून दीड मीटरपेक्षा जास्त अंतरावर, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती), वर तपासणीसाठी झाकण. तांब्याची पट्टी मी स्वतः लोहार चाळीच्या बाजारात जाऊन वजनावर आणली. नवा रॉड एकटा ३.२ ओहम, जुना खड्डा दुरुस्तीनंतर ६.५, दोन्ही जोडल्यावर २.४. तो आकडा टेस्टरवर बघितला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

मात्र अर्थिंग झालं म्हणजे रेडिओ लहरीही शांत होतील असं समजू नका, मी तशी समजले होते. १४ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २१ मीटर, आणि चौथ्या मजल्यावरून जमिनीपर्यंतची वायरच १३ मीटर. त्या लहरींच्या दृष्टीने ती वायर म्हणजे जमीन नव्हे, आणखी एक अँटेना. पहिल्या चाचणीत मायक्रोफोनचा पत्रा ओठाला चावला. अँटेनाची केबल फेराइटच्या, म्हणजे केबलवरून येणाऱ्या नको त्या लहरी अडवणाऱ्या, कड्यांतून सात-आठ वेढे फिरवून घेतली आणि टेबलावरच्या सगळ्या खोक्यांना एका जाड तांब्याच्या पट्टीवर आणलं, तेव्हा थांबलं. जमिनीतलं अर्थिंग जीव वाचवायला असतं. लहरींची व्यवस्था वर, टेबलापाशीच करावी लागते.

गच्चीवरच्या अँटेनाचं काम एका दिवसात झालं. कठड्याला किंवा कोब्याला एकही भोक पाडायचं नाही ही अट मी स्वतःच अर्जात लिहिली होती, कारण मुंबईत वॉटरप्रूफिंगला धक्का लावणाऱ्याला कुणी माफ करत नाही. पाण्याच्या टाकीच्या खांबाला क्लॅम्प लावून पाइप उभा केला. २० मीटर बँडचा (१४ मेगाहर्ट्झचा) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना, टोकापासून टोकापर्यंत सुमारे दहा मीटर. डायपोलच्या टोकांना व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, म्हणून टोकं हात उंचावूनही लागणार नाहीत इतकी वर. एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात, मुलं राखणीला बसतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "आमच्या पोरांना काही होणार नाही ना गं?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना वेळा लिहून दिल्या, आणि गच्चीचं दार बंद असल्याशिवाय अँप्लिफायर चालू करायचा नाही हा नियम स्वतःला घातला. त्यांनीच पुढे मागणीपत्रावर पहिली सही केली. याउलट एकाने विचारलं की यामुळे आमच्या मोबाइलला रेंज येईल का. नाही येणार. आणि बाजारात मिळणारा मोबाइल बूस्टर घरी आणून लावणं बेकायदा आहे, ते काम परवानाधारक कंपनीचंच.

अँटेना लावली की लगेच पूर्ण ताकद देऊ नका. आधी ५० ओहमच्या डमी लोडवर (लहरी बाहेर न सोडता ताकद जिरवणाऱ्या खोक्यावर) अँप्लिफायर तपासा, मग १० वॅटवर अँटेनाचा एसडब्ल्यूआर बघा. अँटेनाकडून किती ताकद परत येते त्याचं हे माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं. माझा १.३ आला तेव्हाच मी पुढे गेले. त्या संध्याकाळी शेजारच्या दोन घरांत जाऊन टीव्ही बघत बसले आणि ह्यांना घरून मोर्सची की दाबायला लावली. एका घरात पडद्यावर रेघा आल्या, केबलला फेराइट लावल्यावर गेल्या. तक्रार यायच्या आधी आपणच गेलेलं बरं.

झाकण उघडायची वेळ आली तर प्लग काढा, थांबा, आणि तरीही कपॅसिटरवर विश्वास ठेवू नका, तो वीज साठवून ठेवतो. लाकडी दांड्याच्या, अर्थला जोडलेल्या धातूच्या हुकाने तो रिकामा केल्याशिवाय आत हात घालायचा नाही. झाकणाखालचा सेफ्टी स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

आणि केबल खिडकीतून आत घेताना बाहेर तिचा खाली लोंबता वळसा ठेवायला विसरू नका, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून चालत सरळ टेबलावर येतं. आमच्याकडे ९ जूनच्या रात्री आलं.