ई२० आणि माझी स्टेज वन ऑक्टाव्हिया

माझी ऑक्टाव्हिया व्हीआरएस दोन लिटर टर्बो पेट्रोल. तिचा स्टेज वन मॅप, म्हणजे जास्त ताकदीसाठी बदललेलं इंजिनाच्या संगणकाचं सॉफ्टवेअर, ई१०च्या (दहा टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलच्या) काळातला. २०२५ मध्ये पुण्यात जिकडेतिकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळायला लागलं, तेव्हा मित्रमंडळी नॉकच्या (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटण्याच्या) चिंतेत होती. मला काळजी होती ती इंधन पुरेल का याची.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२०ला साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन फवारायला हवं. शांत चालवताना ईसीयू (इंजिनाचा संगणक) हा फरक भरून काढतो. पण पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बो पूर्ण दाबाने हवा भरत असताना, इंधनाच्या हाय प्रेशर पंपात किती ताकद शिल्लक आहे, हे लॉग (सेन्सरच्या नोंदी) पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी मिश्रण तपासलं. मोजपात्रात ८० मिली पेट्रोल, २० मिली पाणी, हलवून ठेवलं. इथेनॉल पाण्यात उतरतं. तळचा थर ३५च्या आसपास आला (२० पाणी आणि ८०च्या वीस टक्के, म्हणजे १६ इथेनॉल), म्हणजे खरंच ई२०. मग गाडी डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) चढवली.

टायमिंगचा, म्हणजे ठिणगी कधी पडते याचा, लॉग पाहून बरं वाटलं. ई२०चा किमान ऑक्टेन (नॉक रोखण्याच्या क्षमतेचा आकडा) ९५, पूर्वीच्या साध्या पेट्रोलचा ९१. शिवाय इथेनॉलची वाफ होताना सिलिंडरमधली हवा थंड होते. नॉक टाळायला ईसीयूला टायमिंग मागे घ्यावंच लागत नव्हतं. रेल प्रेशर (इंजेक्टरपाशी इंधनाचा दाब) मात्र वरच्या आरपीएमला मागणीपेक्षा खाली घसरत होतं. टर्बो गाडीत लोडवर मिश्रण लीन होणं (हवेच्या मानाने इंधन कमी पडणं) म्हणजे पिस्टनशी खेळ.

मॅप बसवणारा ट्यूनर म्हणाला, "टायमिंग वाढवू, आणखी पॉवर मिळेल." मी नको म्हटलं. प्रत्येक टाकीत तेच मिश्रण येईल यावर मॅप बेतणं मला पटत नाही. त्याऐवजी इंधनाचं गणित ई२०प्रमाणे दुरुस्त केलं आणि शेवटच्या हजार आरपीएमचा बूस्ट थोडा उतरवला. रेल प्रेशर आता जागेवर राहतं, मधला जोर तसाच आहे. मायलेज घटलं, लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जाच सुमारे एक तृतीयांश कमी, त्याला मॅप काय करणार? १०० ऑक्टेनचं पेट्रोल आहे, पण दीडपट दराने ते रोज भरणं परवडत नाही. आणि उसाचं अर्थकारण पाहता ई२० आता जाणार नाही, तेव्हा गाडीच त्याच्यासाठी नीट बसवलेली बरी.

इथेनॉल ओलावा ओढतं. म्हणून पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर टाकी भरूनच ठेवतो, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही.