चेंडू शोधताना

ज्याने चेंडू मारला त्यानेच तो शोधून आणायचा, हा आमचा जुना नियम. माझ्या हातून चेंडू लांब जातो तो क्वचितच, त्यामुळे शोधायची सवयही नाही. उद्यानातल्या मैदानाच्या कडेला, गवत कापायचं यंत्र जिथून कंटाळून मागे वळतं, तिथे मी पायाने चाचपत फिरत होतो. तेवढ्यात एक टिटवी ओरडत डोक्यावरून इतकी खालून गेली की मी खाली वाकलोच. वाकलो म्हणून दिसलं. पुढचं पाऊल जिथे पडणार होतं, तिथे चार अंडी होती.

घरटं म्हणावं असं काही नव्हतं. उथळसा खळगा, भोवती थोडे खडे. अंडी मातकट, काळपट ठिपक्यांची, निमुळती टोकं आत करून मांडलेली. क्षणभर नजर हलली की पुन्हा सापडेनात. चेंडू सापडावा म्हणून लाल, अंडी सापडू नयेत म्हणून मातकट, आणि दोघांना जागा तीच!

उत्साहाच्या भरात आम्ही चार काठ्या रोवून दोरी बांधली. तीच चूक झाली. दोरी दिसली की माणसं थांबतात, वाकून बघतात, आणि माणसं कुठे वाकतात हे कावळ्याला बरोबर कळतं. शिवाय माणसं उभी असेपर्यंत टिटवी अंड्यांकडे फिरकत नाही. कडक उन्हात ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. म्हणजे भर दुपारी तिला आमच्या चेंडूपेक्षा आमचं कौतुक जास्त महागात पडणार. दोरी काढली, दुपारचा खेळ उन्हं उतरल्यावर ठेवला आणि त्या बाजूची सीमारेषा पंधरा पावलं आत घेतली. चौकार स्वस्त झाले. गोलंदाज अजून कुरकुरतात.

२०१८ साली कॅनडात ओटावा इथे एका संगीत महोत्सवाचा मंच उभारायच्या जागेवरच किलडिअर पक्ष्याचं चार अंड्यांचं घरटं निघालं. हा आपल्या टिटवीचा भाऊबंदच. जाणकारांनी ते घरटं थोडं थोडं करून बाजूला सरकवलं आणि पक्षी त्याच्या मागे मागे गेला. आमचं काम त्याहून सोपं. सरकवायची होती ती चुन्याची रेघ.

मैदान हवं की पक्षी, हा वाद मला तेव्हापासून जरा पोकळ वाटतो. टिटवीला उघडं मैदानच लागतं. दाट झाडी लावली तर पहिली तीच जाईल. गवत कापलं की मैना खूश, किडे टिपत ऐटीत चालते. वटवट्याला मात्र कडेचं रान हवं आणि मुनियांना गवताचं बी, नेमकं जे आपण अस्वच्छता म्हणून साफ करतो. निदान विणीच्या दिवसांत कडा तशाच सोडाव्यात, एवढंच. प्लॅस्टिकचं गवत अंथरलं तर मात्र सगळ्यांचाच खेळ खलास: ना बी, ना गांडूळ. दिव्यांचं जरा वेगळं आहे. त्यांच्याभोवती जमणारे किडे पिंगळा मजेत मटकावतो, पण काही गाणारे पक्षी त्याच उजेडात मध्यरात्री पहाटेचा सूर लावतात. सामना संपल्यावर दिवे कोणासाठी जळत असतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

टिटवी जवळजवळ चार आठवडे बसली. एका सकाळी खळगा रिकामा दिसला आणि पोटात धस्स झालं. पण टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच पळायला लागतात. त्यातलं एक आमच्या सीमारेषेवर पोचलं होतं. आईने इशारा दिला तसं ते जागच्या जागी चपटं झालं, नेमकं पांढऱ्या चुन्यावर, जिथे त्याच्या रंगाचा काडीचा उपयोग नव्हता. सीमेवरच्या क्षेत्ररक्षकाने हात वर करून खेळ थांबवला. ते उठून गवतात शिरेपर्यंत पाच मिनिटं गेली. कोणी तक्रार केली नाही, गोलंदाजानेही नाही.

माझा तो चेंडू अजून सापडलेला नाही.