आमची वाटचाल: नाताळची पिल्ले मे महिन्यातच ठरतात

डिचोली तालुक्यातील आमचा वराहपालनाचा व्यवसाय गोव्यातील नाताळ आणि लग्नसराईच्या मागणीवर उभा राहिला. पण तो आजवर टिकला, याचे श्रेय आम्ही मांसाच्या दरापेक्षा एका नोंदीला देतो: प्रत्येक मादीने वर्षभरात दूध तोडण्याच्या वयापर्यंत किती पिल्ले सुखरूप पोहोचवली. जन्मलेल्या पिल्लांची मोजणी मनाला सुखावते. धंदा मात्र जगलेल्या पिल्लांवर चालतो.

डिसेंबरमध्ये भाजण्यासाठी कोवळ्या पिल्लांना मोठी मागणी असते. ती पिल्ले तेव्हा सहा-आठ आठवड्यांची हवी असतील, तर मादी ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला व्यायला हवी. वराहाचा गर्भकाळ सुमारे 114 दिवसांचा असल्यामुळे ती जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास फळावी, म्हणजे गाभण राहावी लागते. नराच्या शरीरात वीर्य तयार होण्यास अनेक आठवडे लागतात आणि उष्णतेने त्याची झालेली हानी पुढील पाच-सहा आठवडे भरून येत नाही. म्हणजे पावसाने हवा गार झाल्यावर आपण ज्या नराचा उपयोग करतो, त्याच्या वीर्यावर मे महिन्याच्या काहिलीची छाप असू शकते. डुकराला घामावाटे अंग थंड ठेवता येत नाही आणि किनारपट्टीच्या दमट हवेत नुसते पाणी शिंपडून भागत नाही. वारा खेळता राहावा लागतो. म्हणूनच आम्ही खर्चाचा पहिला हात नरांच्या शेडमधील सावली आणि पंख्यांवर ठेवला, आणि हा निर्णय मला आजही सर्वांत योग्य वाटतो.

मादीच्या बाबतीत माज, म्हणजे ती नराला स्वीकारण्यास तयार असण्याचा काळ, ओळखणे हीच खरी कसोटी आहे. माज सुमारे 21 दिवसांनी येतो, दोन-तीन दिवस टिकतो आणि अंडी बाहेर पडतात ती त्याच्या उत्तरार्धात. त्यामुळे एकदाच भरवून, म्हणजे नराशी संयोग घडवून, समाधान मानण्याऐवजी बारा ते चोवीस तासांच्या अंतराने दोनदा भरवल्यास गाभण राहण्याची आणि पिल्ले अधिक मिळण्याची शक्यता वाढते. नवी मादी पहिल्याच माजाला भरवण्याची घाई आम्ही करत नाही. दुसरा-तिसरा माज येईपर्यंत थांबून, भरवण्यापूर्वी दहा-चौदा दिवस तिचे खाद्य वाढवतो आणि भरवल्यावर ते पुन्हा बेताचे करतो. त्यानंतरचा महिना तिला हलवायचे नाही, भांडू द्यायचे नाही आणि उन्हाची झळ लागू द्यायची नाही, असा आमचा दंडक आहे, कारण गर्भ मुळात रुजतात ते याच काळात आणि त्यांतील बराच भाग याच काळात गळतो.

काजूच्या मोसमात बोंडूंचा चोथा आणि हॉटेलांतील उरलेले अन्न स्वस्तात मिळते. पण बुरशी आलेले खाद्य गाभण मादीला मुळीच देऊ नये, कारण काही बुरशींचे विष माजाचे चक्रच बिघडवते. वाळलेली, मृत पिल्ले वारंवार जन्मू लागली, तर खाद्याला दोष देण्यापूर्वी पशुवैद्यांकडून गर्भाला मारक ठरणाऱ्या पार्व्होविषाणू आणि लेप्टोस्पायरा या रोगजंतूंची तपासणी करून घ्यावी.

वाणाविषयी माझे मत स्पष्ट आहे. वेताचा आकार, म्हणजे एका खेपेस जन्मणाऱ्या पिल्लांची संख्या, आईकडून फारच थोड्या प्रमाणात, साधारण दहा टक्के, अनुवंशाने येतो. म्हणून केवळ निवडीवर विसंबून प्रगती संथ होते. आगोंद गोवन हा आपला स्थानिक वाण काटक आहे, पण त्याचे वेत लहान असते. लार्ज व्हाइट यॉर्कशायर या परदेशी वाणाशी संकर केल्यास पिल्लांची संख्याही वाढते आणि काटकपणाही टिकतो. एकाच नराच्या लेकी त्याच्याकडेच भरवल्या की ही कमाई हातची जाते. नर बदलणे परवडत नसेल त्यांच्यासाठी कृत्रिम रेतनाचा मार्ग आहे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेने त्यावर काम केले आहे. मात्र नराचे वीर्य साधारण 17 अंश सेल्सियसलाच ठेवावे लागते, घरच्या फ्रिजच्या गारव्यात ते तग धरत नाही.

तिसऱ्या ते पाचव्या वेतात मादी सर्वाधिक पिल्ले देते, त्यानंतर मृत जन्मणारी वाढतात. सहाव्या वेतानंतर कोणती मादी ठेवायची, हे आम्ही आता तिच्या वहीतील पानावरूनच ठरवतो.