उंदराचा पिंजरा आणि काशाची वाटी

गेल्या पावसाळ्यात आमच्या बेडरूममध्ये जवळजवळ महिनाभर उंदराचा पिंजरा लावलेला होता. नवऱ्याला रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि करकर, करकर असा आवाज ऐकू यायचा, लाकूड कुरतडल्यासारखा. दिवा लावला की आवाज बंद. मग त्यानं पिंजरा आणला. आकड्याला कधी भजी, कधी तूप लावलेला पोळीचा तुकडा. पलंगाखालची खोकी माळ्यावर गेली, कपाट पुढे ओढून मागे फिनेल झालं. उंदीर काही सापडला नाही. भजं मात्र रोज सकाळी सुकून तसंच.

उंदीर सापडला तो दातांच्या डॉक्टरांकडे. खालच्या दाढेला थंड पाणी झोंबत होतं म्हणून गेले होते. कीड असेल, भरून घेऊ, असा हिशेब. डॉक्टरांनी सगळं तोंड फिरून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, रात्री दात खाता का?"

"मी नाही हो. दिवसा लोक माझं डोकं खातात."

ते हसले नाहीत. हे वाक्य ते आठवड्यातून दोनदा ऐकत असणार. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला. सुळ्यांची टोकं कानशीनं घासल्यासारखी सपाट झाली होती. दाढेच्या माथ्यावर पिवळसर ठिपका होता, तिथलं एनॅमल झिजून आतला थर उघडा पडलेला. गालाच्या आतून, दात जिथे मिटतात त्या रेषेत, पांढरी आडवी रेघ. मग त्यांनी दोन बोटं माझ्या जबड्याच्या कोपऱ्यावर, कानाखाली ठेवली आणि म्हणाले, दात आवळा. तिथे सुपारीएवढा गोळा टरारून वर आला.

"आता सोडा."

सोडले.

"सोडा, मॅडम."

"सोडलेत की!"

"नाही सोडलेले. अजून बोटाला लागतायत."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. मला खरंच वाटत होतं की मी सोडलेत.

आईला फोनवर सांगितलं तर तिचं निदान तयार: "जंत झालेत तुला. वावडिंग घे." वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. नवरा मात्र पिंजरा गच्चीवर ठेवून आला आणि त्या रात्रीपासून मला 'उंदीरमामा' म्हणायला लागला.

माझं काम जीएसटी आणि आयकराची रिटर्नं भरण्याचं. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं ऑफिस, मी आणि हाताखाली दोन मुली. आमच्या महिन्यात तीस दिवस नसतात. ११ तारीख असते आणि २० तारीख असते. ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, २० ला ३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न, बाकीचे सगळे दिवस या दोन्हींच्या अलीकडचे नाहीतर पलीकडचे. क्लायंट म्हणजे बरेचसे कांद्याचे व्यापारी आणि हार्डवेअरवाले. भली माणसं. पण १९ तारखेला रात्री साडेदहाला बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकणार, वाकडे, अर्धं बिल अंगठ्याखाली, आणि वर लिहिणार, "ताई, एवढं टाकून घ्या ना."

दातांच्या डॉक्टरांनी आधी फिजिशियनकडे पाठवलं. घोरता का, दम लागून जाग येते का, काही गोळ्या चालू आहेत का, चहा किती, हे सगळं विचारलं. झोपेत श्वास अडकण्यानं आणि काही औषधांनीही दात खाल्ले जातात म्हणे. माझं तसं काही नव्हतं. थायरॉइड ठीक, बी-१२ कमी, त्याची इंजेक्शनं झाली. मग दातांचं माप घेऊन पारदर्शक नाइट गार्ड बनवलं. ते देताना डॉक्टर स्पष्टच बोलले, "यानं दात वाचतील. आवळणं थांबणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा." त्यांनी घरचा अभ्यास म्हणून चारच शब्द दिले: ओठ मिटलेले, दात सुटे. खाणं-गिळणं सोडलं तर दिवसभर वरच्या-खालच्या दातांची गाठ पडायचं कारणच नाही. मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं तोंड मिटलं की दातही मिटतात.

ऑफिसच्या स्क्रीनच्या कोपऱ्यावर मी एक लाल टिकली लावली. टिकली दिसली की दात तपासायचे. पहिल्या दिवशी जितक्या वेळा टिकलीकडे नजर गेली तितक्या वेळा दात एकमेकांवर गच्च. खांदे कानाशी आलेले, जीभ टाळूला दाबलेली आणि पायाचे अंगठे चपलेत मुडपलेले. एक्सेलमध्ये आकडे जुळवायला पायाचे अंगठे कशाला लागतात? पण ते कामावर हजर होते.

अनुकंपी आणि परानुकंपी चेतासंस्था ही जोडी शाळेत दोन गुणांच्या फरकासाठी पाठ केली होती. एक पळायची तयारी करते, दुसरी जेवण जिरवते, झोपवते. यातली गंमत आता वाचताना कळली. झोपेत दात खायच्या काही सेकंद आधी हृदयाचे ठोके वाढतात, मेंदू अर्धवट जागा होतो आणि मग जबडा चालायला लागतो. म्हणजे सगळं अंग आधी दचकतं, दात नंतर. आमच्या बेडरूममध्ये रात्री अडीचला कुणीतरी बिलं टाकत होतं.

यावर मी काय केलं असेल? यादी केली. पहाटे पाचचा गजर. जिऱ्याचं पाणी. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दहा हजार पावलं. फोनवर योगाचं ॲप. रात्री वहीत दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी. मुलानं वाढदिवसाला दिलेलं, झोपेला गुण देणारं घड्याळ मनगटावर. आणि या सगळ्याची एक्सेल शीट, हिरवे-लाल रकाने घालून. (दहा हजारांचं मूळ सापडलं तेव्हा मला हसू आलं. जपानमध्ये १९६५ साली पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा गोल होता, चिकटला. चालणं उत्तमच. पण ९,२०० पावलांवर घरी येऊन उरलेल्या आठशेसाठी सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालणारी बाई मी आरशात पाहिलेली आहे.)

घड्याळ सकाळी म्हणायचं ६१. मग मी दिवसभर ६१ मिळाल्यासारखं तोंड करून बसायची. झोपेच्या आकड्यांच्या काळजीनं झोप घालवून बसणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ साली 'ऑर्थोसोम्निया' असा शब्दच काढलाय. वाचून बरं वाटलं, निदान आपल्या वेडाला नाव आहे.

एके रात्री पावणेबारा वाजले होते. ॲपवर सलग २३ दिवस झालेले, २४ वा चुकू नये म्हणून मी गादीवर ताठ बसून, डोळ्यांत झोप मावत नसताना, पंधरा मिनिटांची शिथिलीकरणाची क्रिया उरकत होते. उरकत! बारा वाजायच्या आत. ३बी भरावी तशी. आणि ॲपमधली बाई गोड आवाजात 'जबडा सैल सोडा' म्हणाली तेव्हा लक्षात आलं, दात गच्च.

घड्याळ ड्रॉवरमध्ये गेलं, ॲप काढून टाकलं. तेवीस दिवसांचं थोडं वाईट वाटलं.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, आणि न विचारता सल्ला न देणं हा त्यांचा दुर्मीळ गुण. त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी माळ्यावरच्या डब्यातून काशाची वाटी काढली, त्यांच्या माहेरची, बुडाला गोल, कडेला किंचित चेपलेली. खोबरेल कोमट केलं आणि पाटावर बसून म्हणाल्या, "पाय इकडे कर."

मला कसंतरीच झालं. सासूनं सुनेच्या तळपायाला हात लावायचा? मी म्हटलं, "आई, मला द्या, मी करते माझं."

"बाळंतपणात मालिशवाली गावाला गेली तेव्हा आठ दिवस कोणी चोळले होते? विसरलीस होय?"

विसरले होते. पाय पुढे केला.

टाचेपासून बोटांकडे, मग चवड्यावर गोल गोल. पहिली पाच मिनिटं मी पाय त्यांच्या मांडीवर टेकलाच नव्हता, अधांतरी उचलून धरला होता. भार नको पडायला. त्यांनी वाटी थांबवली, माझ्या घोट्यावर नुसता हात ठेवला आणि वाट बघत बसल्या. हळूहळू पाय जड झाला, टेकला. मग त्यांनी परत सुरुवात केली. दातांच्या डॉक्टरांची दोन बोटं आणि हा हात, दोघांचं म्हणणं एकच होतं, पण इथे मला 'सोडा' असं कुणी म्हणालं नाही.

तळपाय काळा झाला. "बघ किती उष्णता निघाली," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मुलानं जुन्या सुती फडक्यावर तेल टाकून वाटी घासली. फडकंही काळं झालं. फडक्याला कुठली आलीय उष्णता! कासं म्हणजे तांबं आणि कथील. तेलात घासलं की ते थोडं उतरतं, काळं दिसतं. सासूबाईंनी फडकं बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. झोप लागली ना पण?" लागली होती. मला विचाराल तर वाटीचा सगळ्यात मोठा औषधी गुण वेगळाच आहे: तेलकट हातांनी फोन धरता येत नाही.

आता रोज नाही, आठवड्यातून तीन-चारदा होतं. बरेचदा मी माझं करते, कधी त्यांचं मी करते. रकाना नाही. राहिलं तर राहिलं.

श्वासाचं मात्र मी सोडलं नाही, कारण ते मला हातानं पडताळता आलं. मनगटाची नाडी धरायची आणि सावकाश श्वास घ्यायचा. घेताना ठोके किंचित भरभर येतात, सोडताना लांबतात. पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी घाबरले, हृदयाचं काही बिघडलं की काय. पण ते तसंच असतं. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाची चेता ब्रेक दाबते. म्हणून चार मोजून घ्यायचा, सहा मोजून सोडायचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. माझी आजी तिन्हीसांजेला दिवा लावून स्तोत्रं म्हणायची, एका श्वासात एक ओळ. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास आला होता, २३ जणांचा. लॅटिनमधली माळेवरची प्रार्थना म्हणा नाहीतर 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणा, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. आजीनं यावर 'बरं' एवढंच म्हणून वात सारखी केली असती.

माझ्या योगाच्या बाई कैवल्यधामला शिकून आल्यात. स्वामी कुवलयानंदांनी योगाला प्रयोगशाळेत तपासायचं म्हणून १९२४ साली लोणावळ्याला काढलेली ती संस्था. त्यामुळे बाई 'चक्र उघडतं' वगैरे बोलत नाहीत. त्यांनी मला बाकी सगळं बंद करून भ्रामरी तेवढी करायला सांगितली. ओठ मिटायचे, दात किंचित विलग ठेवायचे आणि सोडताना भुंग्यासारखा म्म्म्म. दात टेकले तर त्यांच्यातच किणकिण होते, लगेच कळतं. अशी चुगली करणारी दुसरी क्रिया मला माहीत नाही.

घरी बसून करायला वेळ होईना, म्हणून मी ती ॲक्टिव्हावर करायला लागले. हेल्मेटची काच खाली. मायको सर्कलचा सिग्नल लाल झाला की म्म्म्म. आत आवाज घुमतो, गालाची हाडं थरथरतात, नाकाचा शेंडा गुदगुल्या झाल्यासारखा होतो. सिग्नल सुटेपर्यंत सात-आठ श्वास आरामात होतात. एकदा शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी इंजिन बंद करून कान दिला आणि म्हणाले, "ताई, गाडीचं बेअरिंग बघून घ्या."

दुपारच्या चहानंतरचा, पाचचा चहा बंद केलाय. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तास अंगात राहतो, म्हणजे दहाला झोपताना अर्धा कप चहा प्यायल्यासारखंच. बंद करायला जड गेला, अजून जातो. क्लायंटना १७ तारखेची मुदत घातली. निम्म्यांनी पाळली, निम्म्यांनी अंगठा दाखवला, म्हणजे व्हॉट्सॲपवरचा. टिकली तीनदा बदलून झाली. परवा दातांच्या डॉक्टरांनी गार्ड तपासलं. त्यावर ओरखडे आहेत, पण आधीच्या सहा महिन्यांपेक्षा कमी.

काल १९ तारीख होती. रात्री पावणेअकरापर्यंत बिलं येत होती, मी बारापर्यंत बसले, वाटी नाही, भ्रामरी नाही, गार्ड घालायचं विसरले आणि आडवी झाले. सकाळी नवऱ्यानं चहाचा कप हातात दिला आणि अगदी साळसूद चेहऱ्यानं विचारलं, "गच्चीवरून पिंजरा आणू का?"