दुकान ते गोडाऊन: १२७.०.१.१ मध्ये गेलेले दोन दिवस

इंदूरच्या सियागंजातल्या एका व्यापारी काकांचं स्टॉकचं सॉफ्टवेअर मी सहा वर्षांपूर्वी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून दिलं होतं. गेल्या महिन्यात काकांनी फर्मान काढलं, मागच्या गल्लीतल्या गोडाऊनमधूनही माल चढवता-उतरवता आला पाहिजे. सगळं नव्यानं लिहायला त्यांची तयारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझीही. म्हटलं, आरएमआय (रिमोट मेथड इन्व्होकेशन) वापरू. १९९७ पासून जावाबरोबर फुकट येतंय. दुकानातल्या मशीनवरच्या क्लासच्या मेथड, म्हणजे त्याची कामं, गोडाऊनच्या मशीनमधून कॉल करायच्या, तो क्लास जणू तिथंच आहे अशा थाटात.

कॉल करायच्या मेथडची यादी म्हणजे इंटरफेस, नेटवर्क अडलं तर येणारा रिमोटएक्सेप्शन, रजिस्ट्रीत (नावावरून शोधून देणाऱ्या नोंदवहीत) 'स्टॉक' हे नाव, सगळं अर्ध्या तासात. लॅपटॉपवर पहिल्या फटक्यात चाललं. खुशीत पोहे-जिलेबी खाऊन सियागंज गाठलं.

तिथं अडकलो. गोडाऊनच्या मशीनवरून लुकअप, म्हणजे त्या नावाचा शोध, होत होतं, म्हणजे १०९९ पोर्टवरची रजिस्ट्री सापडत होती. पण पहिलीच मेथड कॉल केली की 'कनेक्शन रिफ्यूज्ड टू होस्ट १२७.०.१.१'. पिंग जातंय, टेलनेट लागतंय, कॉल मात्र नाही. नेटवर्कवाला म्हणाला, केबल बदला. बदलली. मग स्विच बदलला. मग फायरवॉलच बंद केली. काका दर तासाला चहा पाठवायचे, आणि चहाबरोबर "झालं का रे?" तेलाच्या डब्यावर बसून दोन दिवस तो एकच एरर पाहिला आणि त्यातला आकडा एकदाही नीट वाचला नाही. चीड येते ती त्याचीच.

१२७ नं सुरू होणारा पत्ता म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं मशीन. गोडाऊनवालं मशीन स्वतःचंच दार ठोठावत होतं! रजिस्ट्री दुकानात चालणारा ऑब्जेक्ट देत नाही, त्याचा स्टब, म्हणजे त्याच्या वतीनं कॉल पोचवणारा प्रतिनिधी, देते, आणि सर्व्हरचा पत्ता त्या स्टबच्या पोटात असतो. तो पत्ता सर्व्हर आपल्या नावावरून काढतो. दुकानातल्या मशीनवर उबुंटू (लिनक्स), आणि त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नावं-पत्त्यांच्या यादीत, मशीनच्या नावासमोर १२७.०.१.१. पाहुण्यानं पत्ता विचारावा आणि आपण "मी घरीच आहे" म्हणावं, तसला प्रकार.

औषध एका ओळीचं. सर्व्हर सुरू करतानाच 'जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम'मध्ये दुकानाचा खरा आयपी द्यायचा. ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट होण्याआधी, म्हणजे बाहेरून कॉल घ्यायला खुला होण्याआधी, बरं का. मी तो नंतर दिला आणि आणखी एक तास घालवला. राउटरवर तो आयपी पक्काही करून ठेवा.

हां, फायरवॉल परत चालू केली तर गाडं पुन्हा बंद. एक्स्पोर्ट करताना पोर्ट शून्य दिला होता, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होईल तेव्हा मिळेल तो पोर्ट. रजिस्ट्री आपल्याच प्रोग्रॅममध्ये असेल तर रजिस्ट्री आणि ऑब्जेक्ट दोघांनाही १०९९ चालतो, फायरवॉलमध्ये एकच पोर्ट उघडावा लागतो. जुन्या लेखांत आरएमआयसी हे स्टब बनवणारं टूल चालवायला सांगतात, ते सोडा, जावा १५ मध्ये ते काढूनच टाकलंय. आणि हे सगळं दुकानाच्या आतल्या नेटवर्कपुरतंच. इंटरनेटवर उघडं टाकू नका, डेटा आपणहून एन्क्रिप्ट होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोडाऊनमधून शेंगदाणा तेलाचे ४० डबे चढवले आणि दुकानातल्या पडद्यावर आकडा हलला. मी काकांना बोलावून दाखवलं, एकच ओळ बदलली म्हणून सांगितलं. चष्मा वर करून त्यांनी पडदा पाहिला, मग मला.

"एक ओळ? मग दोन दिवस काय करत होतास?"