मुलांचं रमजानमधलं कुराण : पाच ओळी पुरेत

रमजानचा चांद दिसला की घरात खत्मचा, म्हणजे पूर्ण कुराण वाचून संपवण्याचा, हिशेब सुरू होतो. मोठ्यांचं ठीक आहे. पंधरा ओळींच्या मदनी मुसहफात (मदिनेच्या छापाच्या कुराणाच्या प्रतीत) 604 पानं, पारे (भाग) 30, म्हणजे रोज साधारण वीस पानं. हाच हिशेब मुलाला लावला की चार-पाच रोजांतच तो रेहल (कुराण ठेवायची घडवंची) बघून पळायला लागतो.

नुकतंच नाजरा, म्हणजे कुराण बघून वाचणं, सुरू केलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला रोज पाच ओळी आणि दहा मिनिटं पुरेत. आधी कालच्या शेवटच्या दोन ओळी, मग नवीन. नवीन ओळ आधी अम्मी-अब्बांनी वाचायची आणि मुलाने शब्दांखाली बोट फिरवत ऐकायची. मग दोघांनी मिळून, शेवटी त्याने एकट्याने. सुरुवात अम्मा पाऱ्याच्या, म्हणजे तिसाव्या पाऱ्याच्या, शेवटाकडून करा. तिथे एकेका पानावर तीन-तीन सूरह (अध्याय) आहेत, त्यामुळे दोन दिवसांत ‘एक सूरह झाली’ म्हणता येतं.

कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) अजून चालू असेल तर पाऱ्याची घाई नको. जबर-जेर-पेश (अ-इ-उच्या स्वरखुणा) जोडता येत नसताना पुढे ढकललेलं मूल कानावर पडलेलं घडाघडा म्हणतं आणि आपल्याला वाटतं वाचतंय! मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा आणि तेवढाच वाचायला सांगा. सुरुवातीपासून पुटपुटत तिथवर यावं लागलं तर ते पाठांतर आहे.

वेळ निवडताना असर ते मगरिब (दुपारनंतरच्या नमाजपासून सूर्यास्तापर्यंत) टाळाच, विशेषतः मुलाचा रोजा असेल तर. घसा कोरडा असतो आणि सगळं लक्ष घड्याळाकडे. इफ्तारनंतर अर्ध्या तासाने, तरावीहच्या (रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजच्या) आधी, बहुतेक मुलं खुशीत बसतात. फजरनंतरची (पहाटेच्या नमाजनंतरची) वेळ उत्तम, पण सहरीला (रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाला) उठलेल्या आणि डोळे मिटत असलेल्या मुलाला तेव्हा बसवू नये.

सगळ्यात जास्त बिघडतं ते चुका काढताना. सूरह कौसरची पहिली आयत (वचन) घ्या, ‘इन्ना आतैना कल् कौसर’. एवढ्याशा आयतीत ‘इन्ना’च्या नूनवर तशदीद (अक्षर दुहेरी करणारी खूण) आहे, तिथे गुन्ना (नाकातला आवाज) हवी. पुढे घशातला ऐन, मग जाड आवाजाचा तोय, आणि ‘कौसर’मधला से, ज्याला जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागतं. चारही जागी थांबवलंत तर मूल आयत विसरेल आणि तुमचा चेहरा लक्षात ठेवेल. एका बैठकीला एकच हर्फ (अक्षर) धरा. आठवडाभर फक्त ऐन घेतला तरी हरकत नाही. अपवाद अर्थ पालटणाऱ्या चुकांचा. मोठ्या काफने ‘कुल’ म्हणजे ‘सांग’, छोट्या काफने ‘खा’. मोठा काफ जिभेच्या पार मुळाशी, पडजिभेजवळ निघतो, छोटा त्याच्या किंचित पुढे. ही चूक लगेच सुधारा, पण हळू आवाजात.

देवनागरीत लिहिलेल्या सूरह सोयीच्या वाटतात, पण हे दोन्ही काफ तिथे बहुधा एकाच ‘क’मध्ये बसवलेले असतात. एकदा लागलेलं वळण सुटता सुटत नाही.

अडखळणाऱ्या मुलाला एक हदीस (पैगंबरांचं वचन) जरूर सांगावी. अटकत, कष्टाने वाचणाऱ्याला दुप्पट सवाब (पुण्य) आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ती आहे.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दहा ओळी लादू नका, पाचच ठेवा. थकबाकी चढली की मूल हिशेबच सोडून देतं. भावंडांची पानं एकमेकांशी मोजणं तर नकोच. धाकटा रडतो आणि थोरला भराभर वाचत हर्फ गिळतो. शेवटच्या दहा रात्रींत मोठ्यांचा जोर वाढतो, तेव्हाही मुलाच्या ओळी तेवढ्याच राहू द्या.

खरी गळती ईदनंतर लागते. तरावीह संपते, झोपायच्या वेळा बदलतात आणि इफ्तारनंतरची ती जागाच उरत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यातच बैठक मगरिबच्या नमाजला बांधून टाका आणि ईदच्या दिवशीही एक आयत वाचून घ्या. शव्वालमध्ये (रमजाननंतरच्या महिन्यात) पाचाच्या दोन ओळी झाल्या तरी चालेल.