खाडीच्या मातीची कन्सॉलिडेशन टेस्ट : माझा अनुभव

एमटेकच्या प्रोजेक्टला माझ्या वाट्याला उरणकडची मरीन क्ले आली, काळपट राखाडी, बोट लावलं की आत जाणारी. तिच्यावर कन्सॉलिडेशन टेस्ट करायची होती, म्हणजे दाबाखाली पाणी निघून जाताना माती किती आणि किती वेगाने दबते ते मोजायचं होतं. पद्धत आयएस २७२० या माती-चाचण्यांच्या भारतीय मानकाच्या भाग १५ मध्ये सगळी दिलीये, पण हात नेमका कुठे अडतो ते करायला बसल्यावरच कळतं, म्हणून ज्यांना पुढे ही करायची आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

खरी कसोटी लोड लावायच्या आधीच असते. यूडीएस ट्यूबमध्ये (जमिनीतून माती शक्यतो न बिघडवता काढायची नळी) माती ज्या दिशेने शिरली त्याच दिशेने ती बाहेर काढायची, टोकांकडची माती हललेली असते ती सोडून मधली घ्यायची. टेस्टसाठी माती ज्यात बसवतात ती रिंग ६० मिमी व्यासाची आणि २० मिमी उंच, आतून ग्रीसचा अगदी पातळ हात, आणि रिंग एकदम दाबायची नाही, बाहेरची माती वायरने तासत तासत ती हळूहळू खाली न्यायची. एका सॅम्पलमध्ये वरचा पृष्ठभाग सपाट करताना शिंपल्याचा तुकडा आडवा लागला. ओढून काढला असता तर खड्डा पडला असता आणि तो मातीने बुजवला तर ती मूळची माती राहत नाही, म्हणून सर म्हणाले, "तेवढा भाग सोड, खालून नवीन काप." अर्धी दुपार त्यात गेली पण ते योग्यच होतं.

लोडचं गणित सोपं आहे. रिंगचं क्षेत्रफळ २८.२७ चौ. सेमी, लिव्हर १:१०, म्हणजे १ किलो प्रति चौ. सेमी दाबासाठी हँगरवर २.८३ किलो. पुढचा प्रत्येक लोड आधीच्या दुप्पट. वजन ठेवलं की माती किती दबली ते दाखवणारं डायल गेज पळायला लागतं आणि तेव्हा दोघं लागतातच, मैत्रीण स्टॉपवॉच बघून ओरडायची आणि मी काटा वाचायचे, १५ सेकंद, १ मिनिट, सव्वादोन, ४, सव्वासहा, ९, १६, २५ अशा वेळा, कारण त्यांची वर्गमुळं अर्ध्या-अर्ध्याने, नंतर एकेकाने वाढतात आणि टेलरच्या ग्राफवर (वेळेच्या वर्गमुळासमोर मातीचं दबणं मांडतात तो) सुरुवातीची सरळ रेषा नीट मिळते. पहिल्या मिनिटातलं रीडिंग हुकलं तर ते परत मिळत नाही!

मग २४ तास थांबायचं. दोन-तीन तासांत काटा जवळपास थांबल्यासारखा दिसतो आणि लॅबमधले बरेच जण म्हणतात की लाव आता पुढचं वजन. नका लावू. मुख्य कन्सॉलिडेशन संपल्यावरही माती सावकाश दबत राहते, एका लोडला ३ तास आणि दुसऱ्याला २४ दिले तर ग्राफवरचे बिंदू एकमेकांशी ताडूनच पाहता येत नाहीत.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेळेचं गणित. लोड आला की त्याचा भार आधी मातीतलं पाणी पेलतं, पाणी निघून जाईल तसा तो मातीच्या कणांवर येतो, मृदा-यांत्रिकीचे जनक मानल्या जाणाऱ्या टेरझागीने १९२५ च्या पुस्तकात हेच मांडलं. पाण्याला जेवढं लांब जायचं त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. आमच्या रिंगमध्ये पाणी वर-खाली दोन्हीकडून निघतं, म्हणजे वाट फक्त १० मिमी. समजा ९० टक्के कन्सॉलिडेशनला (हाच टी-९०) ३० मिनिटं लागली. साइटवर १० मीटरचा थर असेल आणि दोन्ही बाजूंनी निचरा असेल तर वाट ५ मीटर, म्हणजे ५०० पट, वेळ अडीच लाख पट, आणि ३० मिनिटांची होतात १४ वर्षं! म्हणून तर अशा मातीवर भराव घालताना पीव्हीडी (पाणी बाहेर काढणाऱ्या उभ्या निचरा-पट्ट्या) टोचतात, पाण्याची वाट मीटरभराच्या आत येते आणि काम काही महिन्यांवर येतं. आपण चुकीचा टी-९० दिला तर तिकडे कुणाचा तरी रस्ता किंवा गोडाऊन नंतर बसतं, म्हणून हे रीडिंग मनापासून घ्या.

ई-लॉग पी ग्राफवर (दाबाच्या लॉगसमोर व्हॉइड रेशो, म्हणजे मातीतल्या पोकळ्यांचं घन कणांशी गुणोत्तर) वळण स्पष्ट आलं तर सॅम्पल चांगलं होतं समजा, कासाग्रांदेच्या पद्धतीने मातीने पूर्वी सोसलेला सर्वांत जास्त दाब तिथूनच काढतात. वळण गोलमटोल आलं की ट्रिमिंगवर किंवा सॅम्पलिंगवर शंका घ्या. लिक्विड लिमिटवरून (एलएल, माती ज्या ओलाव्याला वाहायला लागते तो) सीसी, म्हणजे माती किती दबेल ते सांगणारा कॉम्प्रेशन इंडेक्स, काढायचं ०.००९ (एलएल − १०) हे सूत्र अंदाजापुरतं ठीक, मऊ खाडीच्या मातीत त्याच्यावर डिझाइन करू नये असं माझं ठाम मत आहे.

आणि शेवटी लोड उतरवल्यावर रिंगमधली माती फेकून देऊ नका, सगळी, फिल्टर पेपरला चिकटलेली पण, ओव्हनमध्ये १०५-११० अंशाला वाळवून वजन घ्या. व्हॉइड रेशोचा सगळा हिशोब त्या कोरड्या वजनावर उभा असतो.